कुलूप कुणाच्या नावावर? युनिक्समधली फाइल-लॉक्स आणि त्यांची नक्कल

लखनौच्या अलीगंजातून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय.

आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. शिकणारी मुलं मला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. प्रोग्रॅम एका युनिक्सवर वर्षानुवर्षं नीट चालला. दुसऱ्या युनिक्सवर नेला, तिथेही कम्पाइल झाला, चालला, चाचण्याही पास झाल्या. आणि मग एके दिवशी दोन प्रोसेस एकाच फाइलीत एकाच वेळी घुसल्या. लॉक तर लावलं होतं! मग ते गेलं कुठे?

उत्तर एका वाक्यात सांगतो, आणि मग ते उलगडतो. लॉक लावण्याच्या कॉलची नक्कल करता येते, पण ते लॉक कुणाच्या मालकीचं हा नियम नकलेत सहज उतरत नाही. सगळी गडबड तिथेच होते.

लॉक लागतं कशाला?

आमच्याकडे ज्येष्ठातल्या मंगळवारांना ‘बडा मंगल’ म्हणतात. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराशी ही प्रथा जोडलेली आहे. त्या दिवशी रस्तोरस्ती भंडारे लागतात. पुरी-भाजी, सरबत, येईल त्याला आग्रहाने वाढायचं. आता समजा, एका गल्लीतल्या मंडळींनी देणगीच्या पावत्या संगणकावर द्यायचं ठरवलं. संगणक एक, त्याला जोडलेली टेबलं दोन. शेवटचा पावती क्रमांक एका छोट्या फाइलीत लिहिलेला. पावती देताना प्रोग्रॅमने तो क्रमांक वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि नवा क्रमांक परत लिहायचा.

फाइलीत ४१२ आहे. पहिल्या टेबलाने ४१२ वाचले. त्याच क्षणी दुसऱ्यानेही ४१२ वाचले. दोघांनी ४१३ क्रमांकाची पावती फाडली आणि दोघांनी फाइलीत ४१३ लिहिले. आता दोन देणगीदारांच्या हातात एकाच क्रमांकाची पावती आहे, आणि वहीत त्यांतली एकच रक्कम चढलेली आहे. संध्याकाळी हिशेब जुळत नाही. अशा वेळी लोक संगणकाकडे बोट दाखवत नाहीत; ज्याच्याकडे गल्ला होता त्याच्याकडे दाखवतात. एका प्रामाणिक माणसाची अब्रू त्या दोन ओळींच्या कोडवर टांगलेली असते, हे विसरू नका.

रेल्वेच्या आरक्षणात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर होता. लखनौहून मुंबईला जाणाऱ्या पुष्पकचा एक बर्थ दोन खिडक्यांवरून दोघांना विकला जाऊ नये, हे कसं सांभाळायचं? संगणक नव्हते तेव्हा आरक्षणाचं रजिस्टर असायचं. रजिस्टर ज्या बाबूपुढे उघडं, त्यालाच बर्थ देता येणार. रजिस्टर हातात असणं हेच लॉक. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं, तेव्हा रजिस्टर गेलं, पण ‘एका वेळी एकच हात’ हा नियम राहिला; तो आता संगणकाने पाळायचा होता.

युनिक्सवर हा नियम पाळतो तो कर्नल. आमच्या फौजेतला कर्नल नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोग्रॅमने त्याच्याकडे लॉक मागायचं. मिळालं की काम करायचं, झालं की सोडायचं. लॉक दोन प्रकारचं असतं. सामायिक म्हणजे वाचणारे कितीही जण एकत्र. अनन्य म्हणजे लिहिणारा एकटाच.

आणखी एक गोष्ट आताच लक्षात घ्या. ही लॉक्स सहसा सल्ल्यापुरती असतात. ‘आत कोणी आहे का?’ असं जो विचारेल त्यालाच कर्नल थांबवतो. न विचारता थेट लिहिणाऱ्याला तो अडवत नाही. संत्रीला विचारूनच आत जायचं, ही शिस्त सगळ्यांनी पाळली तरच पहारा कामाचा.

एकाच कामाला तीन कॉल

युनिक्स एकाच घरात वाढलं असतं तर हा भाग करायची गरजच नव्हती. पण घराच्या वाटण्या झाल्या.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या शाखेने १९८३ मध्ये बीएसडी ४.२ आणलं. त्यात ‘फ्लॉक’ हा कॉल आला. त्याचा हिशेब साधा: अख्खी फाइल लॉक करायची, सामायिक किंवा अनन्य. एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह शाखेने वेगळी वाट धरली. तिथे ‘एफसीएनटीएल’ या बहुउपयोगी कॉलमध्ये लॉकची सोय केली. फाइलीचा ठरावीक तुकडा, म्हणजे अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत लॉक करता येतो. तिसरा ‘लॉकएफ’. तोही तुकडाच लॉक करतो, पण त्यात सामायिक प्रकार नाही, आणि तुकडा मोजायचा तो फाइलीत आपण सध्या जिथे उभे आहोत तिथून. आज लिनक्सवर लॉकएफ म्हणजे एफसीएनटीएलवर चढवलेला पातळ अंगरखा आहे.

१९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक आलं. त्याने एफसीएनटीएलची पद्धत स्वीकारली. फ्लॉकला मानकात जागा मिळाली नाही, पण वापरायला सोपं म्हणून ते लोकांत टिकलं. त्याच काळात आपल्याकडच्या बँका आणि कचेऱ्यांत युनिक्सची यंत्रं येत होती. काहींवर झेनिक्सही होतं, आणि त्याचा लॉकिंगचा कॉल आणखी निराळा. त्यामुळे एका जातीच्या युनिक्सवर लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जातीवर न्यायचा, तर नक्कल करणं भागच होतं. सोलारिसच्या मूळ लायब्ररीत कितीतरी वर्षं फ्लॉक नव्हतंच.

कोतीची चावी

आता मालकीचा मुद्दा. फौजेत हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. तिची चावी कोण घेतो, कधी परत करतो, याची नोंद ठेवावीच लागते. आता दोन पलटणी कल्पा, दोघींचे नियम वेगळे.

पहिल्या पलटणीत चावी चिठ्ठीवर मिळते. चिठ्ठी ज्याच्या हातात, चावी त्याची. चिठ्ठीची नक्कल काढून दुसऱ्याला दिली, तर तोही त्याच चावीचा भागीदार. सगळ्या नकला फाडल्या गेल्या, किंवा एखाद्याने स्वतःहून चावी जमा केली, की कोत मोकळी. फ्लॉकचं लॉक असं आहे. ते प्रोसेसच्या नावावर नसतं. फाइल उघडल्यावर कर्नल आपल्या तक्त्यात त्या उघडण्याची एक नोंद करतो, लॉक त्या नोंदीवर चढतं. प्रोसेसने ‘फोर्क’ करून आपली प्रतिकृती काढली, तर मुलाच्या हातातही त्याच नोंदीची चिठ्ठी येते. लॉक दोघांचं.

दुसऱ्या पलटणीत चावी माणसाच्या नावावर लिहिली जाते. चिठ्ठी वगैरे काही नाही. त्याच्या जागी दुसरा आला, तर त्याला नव्याने चावी मागावी लागते. आणि इथे एक चमत्कारिक नियम आहे. त्या माणसाने कोतीचं कुठलंही एक दार ओढून घेतलं, की रजिस्टरवाला समजतो की काम संपलं, आणि त्याच्या नावावरच्या सगळ्या चाव्या जमा धरतो. मुख्य दाराने आत असलेल्या माणसाने मागचं दार जरा उघडून बंद केलं तरी तेच! एफसीएनटीएलचं लॉक असं आहे. ते प्रोसेसच्या नावावर असतं, मुलाला मिळत नाही, आणि प्रोसेसने ती फाइल कितीही वेळा उघडलेली असो, त्यांतली एक जरी बंद केली तरी त्या फाइलीवरची तिची सगळी लॉक्स सुटतात.

दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. घोळ होतो तो पहिल्या पलटणीची सवय घेऊन दुसरीत गेल्यावर.

नक्कल कशी करतात?

समजा, प्रोग्रॅम फ्लॉक मागतोय आणि यंत्रावर फक्त एफसीएनटीएल आहे. तेव्हा मधे एक छोटं फंक्शन लिहायचं, नाव फ्लॉकच ठेवायचं, आणि आत पुढची कामं करायची.

पहिलं, भाषांतर. सामायिक मागितलं तर वाचनाचं लॉक, अनन्य मागितलं तर लेखनाचं, सोडायला सांगितलं तर सोडण्याची आज्ञा. इथे आकडे हाताने लिहू नका, नावंच वापरा. लिनक्सवर वाचन, लेखन आणि सोडणे यांचे आकडे अनुक्रमे ०, १, २ आहेत. फ्रीबीएसडीवर तेच १, ३, २. ज्या रचनेत ही माहिती भरून द्यायची, तिच्यातल्या रकान्यांचा क्रमही दोन्हीकडे वेगळा आहे. लिनक्सवर आधी प्रकार आणि मग जागा. बीएसडीवर आधी जागा आणि लांबी, प्रकार नंतर. सीमध्ये नावाने भरलं तर कम्पायलर सांभाळून घेतो. पर्लमधून ही रचना हाताने बांधणाऱ्यांनी मात्र नेमकी इथेच ठेच खाल्ली आहे.

दुसरं, व्याप्ती. फ्लॉकला अख्खी फाइल हवी असते. म्हणून सुरुवात शून्यापासून आणि लांबी शून्य द्यायची. इथे लांबी शून्य म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे. ‘शेवटपर्यंत, फाइल पुढे वाढली तरी’ असा त्याचा अर्थ.

तिसरं, थांबायचं की नाही. ‘मिळालं नाही तर लगेच परत ये’ असं सांगितलं असेल तर न थांबणारी आज्ञा, नाहीतर थांबणारी.

चौथं, नकाराची भाषा. फ्लॉक मिळालं नाही तर ‘ईवुडब्लॉक’ ही चूक परत येते. एफसीएनटीएल तीच गोष्ट काही यंत्रांवर ‘ईअगेन’ म्हणून सांगतं, काहींवर ‘ईअॅक्सेस’ म्हणून. नकलेने दोन्ही ओळखून ईवुडब्लॉक करून द्यायचं. नाहीतर वरचा प्रोग्रॅम ‘दुसरा कोणी आत आहे, जरा थांब’ याऐवजी ‘तुला परवानगीच नाही’ असं समजून बाहेर पडेल.

यंत्रावर फक्त लॉकएफ असेल तर आणखी कसरत. आधी आपण फाइलीत कुठे आहोत ते लक्षात ठेवायचं, सुरुवातीला जायचं, लॉक लावायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. सामायिक प्रकार नसल्यामुळे वाचणाऱ्यालाही अनन्य लॉकच द्यावं लागतं. काम बिघडत नाही, पण दहा वाचणारे रांगेत उभे राहतात.

पर्ल ही भाषा नेमकं हेच करते. खरं फ्लॉक असेल तर ते, नसेल तर एफसीएनटीएलवरची नक्कल, तेही नसेल तर लॉकएफवरची. पायथनच्या दस्तऐवजातही सांगितलं आहे की काही यंत्रांवर त्याचं फ्लॉक ही एफसीएनटीएलवरची नक्कल असते. म्हणजे तुम्ही स्वतः ओळ न लिहिताही नक्कल वापरत असू शकता.

नक्कल कुठे फसते?

वरची चार कामं नीट झाली की साधी चाचणी पास होते. दोन प्रोसेस सुरू करा, एक थांबते, दुसरी काम करते. शाबास! आता खऱ्या जागा पाहू.

एक, फोर्क. पार्श्वभूमीत चालणारे बरेच प्रोग्रॅम आधी लॉक घेतात, मग फोर्क करतात. बाप निघून जातो आणि मूल काम करत राहतं. खऱ्या फ्लॉकवर मुलाकडे चिठ्ठी असते, लॉक टिकतं. नकलेवर लॉक बापाच्या नावावर होतं. बाप गेला, लॉक गेलं. मुलाला वाटतं आपण सुरक्षित आहोत. तेवढ्यात कोणी तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा सुरू केला तर तोही आत येतो. उपाय सोपा आहे: आधी फोर्क करा, मग मुलाने लॉक घ्यावं.

दोन, मागचं दार. हे सगळ्यांत घातक. आपल्या पावतीच्या प्रोग्रॅमने क्रमांकाच्या फाइलीवर लॉक घेतलं. मधेच त्याने एका लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं, आणि त्या फंक्शनने तीच फाइल फक्त वाचायला उघडली आणि शहाण्यासारखी बंद केली. नकलेवर त्या क्षणी तुमचं लॉक सुटलं. चूक नाही, इशारा नाही, लॉगमध्ये ओळ नाही. दुसऱ्या टेबलाला दार उघडं. आणि तुमच्या कोडमध्ये कितीही शोधलंत तरी दोष सापडणार नाही, कारण ते बंद करणं तुम्ही लिहिलेलंच नाही.

एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. त्याच्या लेखकांनाही युनिक्सवर हाच त्रास झाला. त्यांनी तोड काढली ती अशी: एकाच प्रोसेसमधल्या सगळ्या जोडण्या कोणती फाइल धरून आहेत याची यादी एसक्यूलाइट स्वतः ठेवतं, आणि त्या फाइलीवर कुठलंही लॉक शिल्लक असेपर्यंत बंद करण्याचं काम पुढे ढकलतं. एका नियमासाठी एवढी वेगळी यंत्रणा उभारावी लागली.

तीन, एकाच प्रोसेसमधले दोन हात. खऱ्या फ्लॉकवर तुम्ही तीच फाइल दोनदा उघडून दोन्हींवर अनन्य लॉक मागितलं, तर दुसरी मागणी अडते, कारण चिठ्ठ्या दोन. नकलेवर माणूस एकच, म्हणून दुसरी मागणी हसत मंजूर. एकाच प्रोसेसमधले दोन थ्रेड या लॉकच्या भरवशावर असतील तर ते एकमेकांना अजिबात अडवणार नाहीत.

चार, उघडण्याचा प्रकार. फ्लॉकला फाइल कशी उघडली याच्याशी देणंघेणं नसतं. एफसीएनटीएलला अनन्य लॉकसाठी ती लिहिण्यासाठी उघडलेली लागते. फक्त वाचायला उघडलेल्या फाइलीवर अनन्य लॉक मागणारा प्रोग्रॅम नकलेवर आपटतो. या दोषाला मी सज्जन म्हणेन. निदान तो तोंडावर सांगतो.

पाच, मिसळ. लिनक्सवर स्थानिक डिस्कवरच्या फाइलीवर फ्लॉकचं लॉक एफसीएनटीएलला दिसत नाही, आणि उलटही नाही. एका टेबलाचा प्रोग्रॅम फ्लॉक वापरतो, दुसऱ्याचा लॉकएफ. दोघंही शिस्तीचे, दोघंही विचारून आत गेलेले, आणि तरी दोघंही आत! दोन दारांवर दोन संत्री आणि दोघांची दोन रजिस्टरं. आजच्या बीएसडीवर मात्र ही दोन्ही लॉक्स एकमेकांना ओळखतात. म्हणून तिथे बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम लिनक्सवर बिघडू शकतो.

नेटवर्कवरच्या एनएफएस डिस्कवर गोष्ट आणखी फिरते. लिनक्सच्या २.६.१२ आवृत्तीपासून एनएफएसवरचं फ्लॉक हे आतून अख्ख्या फाइलीवरचं एफसीएनटीएल-पद्धतीचं लॉक म्हणून सर्व्हरकडे जातं. म्हणजे तोच प्रोग्रॅम, तेच यंत्र, तोच कॉल. फक्त फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली आणि नियम बदलला. नक्कल अशी तुमच्या पायाखाली, कर्नलमध्येही असू शकते.

मग करायचं काय?

२०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१५ आवृत्तीत एक चांगली तोड आली. एफसीएनटीएलसारखं तुकड्यावर लागणारं, पण मालकी फ्लॉकसारखी, म्हणजे उघडलेल्या फाइलीच्या नोंदीवर. चिठ्ठीची पलटण, पण बारीक कुलपांसह. २०२४ च्या पॉझिक्स आवृत्तीत या प्रकाराला मानकाचं स्थान मिळालं. १९८३ मध्ये पडलेली फट भरायला चार दशकं लागली. फ्लॉकची नक्कल करायचीच असेल आणि ही सोय उपलब्ध असेल, तर नक्कल याच पायावर उभारा. मालकीचा नियम तरी मुळाबरहुकूम राहील.

ही सोय नसलेली यंत्रंही अजून भरपूर आहेत. त्यांच्यासाठी माझे स्थायी आदेश असे.

पहिला: ज्या फाइलीत माल आहे ती लॉक करू नका. शेजारी एक रिकामी फाइल फक्त लॉकसाठी ठेवा आणि प्रोग्रॅमभर ती एकाच ठिकाणी उघडा. कुठल्याही लायब्ररीला तिला हात लावायचं कारणच उरणार नाही, आणि मागच्या दाराचा प्रश्न मिटेल.

दुसरा: ती फाइल नेहमी वाचन आणि लेखन दोन्हींसाठी उघडा.

तिसरा: लॉक फोर्कनंतर घ्या, आधी नको.

चौथा: त्या फाइलीला हात लावणारे सगळे प्रोग्रॅम एकाच जातीचं लॉक वापरतात ना, हे लेखी ठरवा. ‘आमच्याकडे लॉक आहे’ एवढं पुरत नाही. कुठलं आहे ते लिहा.

पाचवा: लॉक सोडण्यापूर्वी बफरमध्ये साठलेलं लिखाण फाइलीत उतरवा. नाहीतर दार उघडल्यावर दुसरा जुनाच क्रमांक वाचेल. पर्ल हे काम आपण होऊन करतं. सगळ्याच भाषा करतात असं नाही.

आणि चाचणी. दोन प्रोसेस भांडवून बघणं ही अर्धी चाचणी झाली. नव्या यंत्रावर तीन प्रश्न विचारा. लॉक घेऊन फोर्क केलं आणि बाप गेला, तर लॉक उरतं का? तीच फाइल दुसऱ्यांदा उघडून बंद केली, तर उरतं का? एकाच प्रोसेसने दोनदा मागितलं, तर दुसऱ्यांदा अडतं का? खरं फ्लॉक तिन्हींना ‘हो’ म्हणेल. एफसीएनटीएलवरची नक्कल तिन्हींना ‘नाही’ म्हणेल. लिनक्सवर प्रॉक डिरेक्टरीतली लॉक्स नावाची फाइल वाचली, किंवा एलएसलॉक्स ही आज्ञा दिली, तर कोणत्या प्रोसेसचं कोणत्या जातीचं लॉक लागलेलं आहे ते उघड दिसतं. तर्क लढवण्यापेक्षा रजिस्टर बघावं.

जुना कोड नव्या यंत्रावर नेण्याचं काम आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांपासून सहकारी पतपेढ्यांपर्यंत सगळीकडे चालू आहे. बहुतेक ठिकाणी विचारलं जातं, ‘कॉल चालतो का?’ त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला शिका: ‘लॉक कुणाच्या नावावर आहे, आणि ते कुठल्या कुठल्या कारणाने सुटतं?’ याचं उत्तर कागदावर लिहिता आलं, तर पावती ४१३ एकदाच फाटेल.

पुढच्या भागात नेटवर्कवरच्या डिस्कवर एक फाइल सुरक्षितपणे ‘निर्माण’ कशी करायची ते बघू. तिथेही जुनी गंमत आहे. तोवर आपल्या यंत्रावर ते तीन प्रश्न विचारून बघा. जय हिंद.